नेक्सॉन ईव्ही ४५ की पेट्रोल? विम्यासकट हिशेब हवाय

गोदाकाठ: नमस्कार मंडळी. नाशिक ते सिन्नर एमआयडीसी, रोज जाऊन-येऊन ६० किमी, महिन्याला १५०० धरा. गाडी किमान पाच वर्षं ठेवणार. शोरूमवाला म्हणतो ईव्हीला विम्यात १५ टक्के सूट. खरंच स्वस्त पडतो का? चार्जर सोसायटीच्या पार्किंगमध्ये बसेल.

क्लेमवाला: दादा, मी मोटर क्लेमच्या सर्व्हेचं काम करतो. ती १५ टक्के सूट फक्त थर्ड पार्टीवर (दुसऱ्याच्या नुकसानीसाठीचा सक्तीचा विमा) आहे आणि दर मोटरच्या किलोवॅटवर ठरतो, बॅटरीच्या क्षमतेवर नाही. १ जून २०२२ च्या दरांप्रमाणे ६५ किलोवॅटच्या वरच्या ईव्हीला वर्षाला ६,७१२ रुपये, जीएसटी वेगळा. नेक्सॉन ईव्ही ४५ ची मोटर १०६ किलोवॅटची, म्हणजे याच गटात. पेट्रोल नेक्सॉन ११९९ सीसी, तिला ३,४१६. नव्या गाडीला तीन वर्षांचं थर्ड पार्टी एकदम भरावं लागतं: ईव्हीला २०,९०७, पेट्रोलला १०,६४०. सूट धरूनही जवळपास दुप्पट! ओन डॅमेजचा, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा, हप्ता आयडीव्हीवर (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) असतो, त्यामुळे गाडी महाग तर तोही जास्त.

तरीही ईव्हीच घ्या असं मी म्हणेन. पेट्रोल किमीला सात रुपये धरा. घरची वीज १० रुपये युनिट आणि युनिटला सहा किमी धरली तर पावणेदोनच्या आत. महिन्याला साडेसात-आठ हजार वाचतात. विम्याचा फरक दोन-तीन महिन्यांत भरून निघेल.

झिरो डेप (घसारा न कापता भरपाई देणारं अॅड-ऑन) मात्र पाचही वर्षं सोडू नका. साध्या पॉलिसीत बॅटरीवर ५० टक्के घसारा कापला जातो. पेट्रोल गाडीत तो छोट्या बॅटरीपुरता, इथे बॅटरी हाच गाडीतला सगळ्यात महाग भाग.

मुठाकाठची: क्लेमवाले दादांचं अगदी खरं. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडलं तेव्हा सिंहगड रोडला आमच्या पार्किंगमध्ये गाडी बुडाली. पाणी ओसरल्यावर चालू होते का बघायला मी बटण दाबलं, आणि रिपोर्टमध्ये नेमकं तेच लिहिलं गेलं. बॅटरीचा क्लेम तीन महिने अडकला आणि शेवटी अर्धाच मिळाला, कारण दुसऱ्या वर्षी हप्ता कमी करायला मी झिरो डेप वगळलं होतं. फार मनस्ताप झाला. पाणी शिरलं तर गाडीला हात लावू नका, थेट टो करून न्या. बॅटरी प्रोटेक्ट अॅड-ऑनमध्ये पाणी आणि शॉर्ट सर्किट दोन्ही आहेत का, आणि घरचा चार्जर धरलाय का, हे पॉलिसीच्या कागदात वाचून घ्या.

सातपूरकर: बॅटरी भाड्याने देणाऱ्या योजनेचा मोह होईल. एमजीची विंडसर ईव्ही आली तेव्हा किमीला साडेतीन रुपये भाडं होतं. तुमच्या १५०० किमीला ५,२५० होतात, बचतीतला मोठा वाटा तिथेच जाईल. तुमच्यासाठी बॅटरीसकट विकत घेणंच बरं.

आणि महिन्याला २५० युनिट वाढणार. घरच्या मीटरवर ३०० च्या पुढचा स्लॅब लागेल, दर १० च्या वर जाईल. महावितरणकडे वेगळ्या मीटरची चौकशी आधी करा.

गोदाकाठ: मनापासून आभार. किलोवॅटचं मला कुणीच सांगितलं नव्हतं. ताई, तुमचं ऐकून वाईट वाटलं. आमचं पार्किंगही तळघरात आहे, तेव्हा चार्जर वरच्या मजल्यावर घेता येईल का, ते रविवारी सोसायटीच्या मीटिंगमध्ये मांडतो. क्लेमवाले दादा, रिटर्न टू इन्व्हॉइस (टोटल लॉस झाल्यास गाडीच्या बिलाइतकी रक्कम देणारं अॅड-ऑन) घ्यावं का?

क्लेमवाला: पहिली तीन वर्षं घ्याच. दुसऱ्या वर्षात आयडीव्ही २० टक्के घटते, तिसऱ्यात ३०. गाडी टोटल लॉस झाली तर कर्ज उरतं आणि गाडी नसते. आणि विकताना दुसऱ्या मालकाला बॅटरीची वॉरंटी किती मिळेल, ते बुकिंगआधी लेखी मागा.