हेल्मेटचा इंटरकॉम सुचवा: पुणे ते तारकर्ली, दोघांसाठी, बजेट ८ हजार

क्लासिकवाला_कोथरूड:
मंडळी, दिवाळीनंतर बायकोसोबत बाइकवर तारकर्लीला जायचा बेत आहे. गाडी क्लासिक ३५०. ती मागून काही बोलली की मला नुसतं 'हूऽऽ' ऐकू येतं. गाडी बाजूला घेऊन विचारावं तर म्हणते, काही नाही, नदी छान होती. दोन्ही हेल्मेटचं मिळून बजेट ८ हजार. माझं फुल फेस, तिचं ओपन फेस. गाणी नसली तरी चालेल. बोलणं आणि मॅपचा आवाज नीट यायला हवा. ग्रुप राइड करत नाही. काय घेऊ?

टॉर्कमास्तर:
डोळे झाकून कार्डो पॅकटॉक. मेश आहे, म्हणजे ग्रुपमधले सगळे सेट आपसात जोडलेले असतात, जेबीएलचे स्पीकर आहेत. आमच्यातला एखादा सिग्नलला अडकून मागे राहिला तरी बाकीच्यांचं बोलणं चालू राहतं, आणि तो जवळ आला की आपोआप परत जोडला जातो. मी दुबईहून मागवला. एकदाच काय तो खर्च.

क्लासिकवाला_कोथरूड:
दादा, ८ हजार. दोघांचं मिळून.

टॉर्कमास्तर:
बजेट वाढव ना मग.

जुना_बुलेटवाला:
आमच्या वेळी खांद्यावर एक थाप म्हणजे हळू आणि दोन म्हणजे चहा. काही अडलं नाही. गाडी चालवताना गप्पा हव्यातच कशाला?

मेघा_राइड्स:
मेश ग्रुपसाठी असतं. मागे बसणारीशी बोलायला साधा ब्लूटूथ इंटरकॉम पुरतो. खोक्यावर १००० मीटर, १२०० मीटर छापलेलं असतं ते मोकळ्या मैदानातलं, आणि तुमची बायको तर हातभर अंतरावर आहे. त्या आकड्यासाठी पैसे घालवू नका.

खरी गंमत माइकची आहे. फुल फेसमध्ये हनुवटीच्या आत चिकटवायचा बटणासारखा वायरचा माइक लागतो. ओपन फेसला दांडीवाला, फोमची टोपी असलेला. खोक्यात दोन्ही आहेत का ते दुकानातच उघडून बघा.

दुसरं म्हणजे स्पीकर. आपल्याकडच्या बऱ्याच हेल्मेटांत कानापाशी खड्डाच नसतो. स्पीकर जाड असला की कानाची पाळी दाबली जाते आणि तासाभरात डोकं ठणकतं. आधी आतलं पॅड काढा, वेल्क्रोवर स्पीकर हलकेच लावा, गाणं सुरू करून हेल्मेट घाला आणि थोडं थोडं सरकवत बरोबर कानाच्या भोकासमोर आणा. बोटभर इकडेतिकडे झाला तरी ८० च्या वर काही ऐकू येत नाही, आणि लोक कंपनीला शिव्या घालतात. जागा करायला आतला थर्माकोल मात्र कोरू नका, डोकं तोच वाचवतो.

पाऊसपाणी:
+१. माइक दोन्ही प्रकारचे आहेत का बघा. आणि हेल्मेटच्या कडेला पकडून बसणारा क्लॅम्पच घ्या, चिकटवायची टेप नको. माझं युनिट टेपवर होतं, करूळ घाटात कुठेतरी पडलं. गगनबावड्याला चहाला थांबलो तेव्हा कळलं.

घाटवेडा:
करूळ चालू झाला का? काँक्रीटसाठी बंद होता ना? मी तरी राधानगरीवरून फोंडा घाट धरीन.

पाऊसपाणी:
फोंड्यात ट्रकच्या मागे सरपटायची हौस असेल तर जरूर.

सदाशिव_पेठी:
इंटरकॉम लावला की पोलीस पकडतात. फोनवर बोलणं गुन्हा आहे.

मेघा_राइड्स:
२०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये हातात धरलेल्या फोनचा उल्लेख आहे. हेल्मेटमधल्या स्पीकरचा नाही.

सदाशिव_पेठी:
हे चौकातल्या मामांना वाचून दाखवा.

नागपुरी_संत्रं:
बंगळूरची ब्लूआर्मर बघा ना, बिघडलं तर निदान देशात पाठवता येतं. मी एका चिनी सेटचं नुसतं चार्जिंगचं झाकण शोधतोय, दुकानदार म्हणतो नवीन सेट घ्या. आणि दोघांना एकच मॉडेल घ्या. वेगवेगळ्या कंपन्यांचे जोडले की एक दुसऱ्याला फोन समजतो, मग खऱ्या फोनला, म्हणजे मॅपला, जागा राहत नाही. माझ्या मेव्हण्याने तेच केलं आणि रामटेकला जाताना रस्ता चुकला.

टॉर्कमास्तर:
पॅकटॉकला हा प्रॉब्लेमच नाही.

नागपुरी_संत्रं:
त्याचं बजेट ८ आहे हो.

क्लासिकवाला_कोथरूड:
सर्वांचे आभार. शनिवारी नाना पेठेत जाऊन आलो. बायकोला दांडीचा माइक तोंडासमोर नको होता, क्लॅम्प तिच्या हेल्मेटच्या रबरी कडेवर बसेना. शेवटी नाव न ऐकलेल्या कंपनीची जोडी घेतली, दोन्ही मिळून ४,६००. टेपवरच लावली आहे. उरलेल्या पैशांत तिने रायडिंगचे हातमोजे घेतले. लक्ष्मी रोडवर बोलून पाहिलं, ऐकू येतंय.

टॉर्कमास्तर:
लक्ष्मी रोडवर २० च्या स्पीडला हाक मारली तरी ऐकू येतं. हायवेला लागलास की सांग.

पाऊसपाणी:
टेप!! वर मी काय लिहिलंय? निदान पातळ दोरी ओवून स्ट्रॅपला बांध.

मेघा_राइड्स:
दांडीचा माइक नाही, मग ओपन फेसमध्ये लावला काय?

क्लासिकवाला_कोथरूड:
बटणवाला माइक. गालाच्या पॅडवर.

मेघा_राइड्स:
तुम्हाला परत 'हूऽऽ'च ऐकू येणार, आता थेट कानात. फोमचा जाड तुकडा लावून बघा, थोडा फरक पडेल.

घाटवेडा:
करूळ की फोंडा ते कोणी सांगितलंच नाही.