शिडाच्या बोटीने बेटावर गेलेला एक दिवस : तुमचे अनुभव लिहा

ओलीवाळू
काल कपडे वाळत घालायची दोरी तुटली. नवी बांधायला घेतली आणि हातांनी आपोआप गाठ मारली. दोरीचं टोक म्हणजे ससा: बिळातून वर, झाडाला मागून वळसा, परत बिळात. ओढून बघितली, घट्ट. मग बादली तशीच ठेवून पाच मिनिटं नुसती उभी राहिले.

ही गाठ मला नऊ वर्षांपूर्वी सुट्टीत एका शिडाच्या बोटीवर शिकवली होती. बोलिन म्हणतात तिला. कितीही ताण आला तरी फास आवळत नाही, आणि ताण गेला की बोटांनी सहज सुटते.

अकरा जण होतो. तिघं ओळखीचे, बाकीचे त्याच सकाळी धक्क्यावर भेटलेले. बंदराबाहेर इंजिनावर गेलो, मग शीड चढवलं आणि कप्तानाने इंजिन बंद केलं. ती घरघर थांबली ना, तो क्षण! बोटीच्या अंगाला घासून जाणारं पाणी आणि दोऱ्यांची कुरकुर, एवढंच ऐकू येत होतं. कोणी सांगितलं नव्हतं तरी सगळे बोलता बोलता गप्प झाले. त्याच वर्षी बाबा गेले होते. किती महिन्यांनी माझे खांदे खाली आले ते तेव्हा कळलं.

बेटावर दोन-अडीच तास होतो, तिथलं फारसं आठवत नाही. बोट आठवते. तुमच्यापैकी कोण गेलंय असं? लिहा ना.

काठपदर
बाबांचं वाचून गलबलले गं.

मला बोट लागते. गाडीही लागते. पहिला अर्धा तास खाली केबिनमध्ये बसले, तीच चूक झाली. कान सांगतो हलतोय, डोळ्यांना समोरची भिंत स्थिर दिसते, मग पोट ढवळायला लागतं. कप्तानाने वर बोलावलं आणि सरळ सुकाणू हातात दिलं. म्हणाला, क्षितिजावरून नजर काढू नका. दहा मिनिटांत बरं वाटायला लागलं. सुकाणू धरलं की बोट कुठे कलणार ते आधी कळतं, त्यानेही फरक पडतो. परत येताना मीच मागून घेतलं. बाळ उठलं, उरलेलं रात्री.

तिसरीघंटा
+१. आणि गोळी डॉक्टरांना विचारून निघायच्या आधीच घ्यायची. मळमळ सुरू झाल्यावर पोटात राहतच नाही.

चांदणचुरा
बेट नाकासमोर, आणि बोट भलतीकडेच! आमचा मुलगा तेव्हा दहा वर्षांचा. "आपण चुकलोय" म्हणून कप्तानाच्या मागे लागला. त्या भल्या माणसाने त्याला शेजारी बसवून समजावलं. वारा बेटाकडूनच येत होता, आणि शिडाची बोट वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाऊच शकत नाही. साधारण ४५ अंश तिरकं जायचं, मग वळून दुसऱ्या बाजूला तिरकं, असं नागमोडी चढत जायचं. प्रत्येक वळणाला "डोकी खाली!" अशी हाक, की शिडाखालचा आडवा दांडा या बाजूचा त्या बाजूला. मुलगा वळणं मोजत बसला. चौदा झाली. बेट कधी डाव्या खांद्यावर, कधी उजव्या. परत येताना वारा पाठीशी होता तर सरळ आलो, तेव्हा तो म्हणाला, "आता मजा नाही."

पडघम
पोहता येत नसेल तर जावं का? खरंच विचारतेय. ऑफिसच्या ग्रुपचं ठरतंय आणि मी टाळतेय.

उत्तररात्र
लाइफ जॅकेट घालून बिनधास्त जा. कप्तानाला आधीच सांगून ठेव, ते लक्ष ठेवतात. जॅकेटचे पट्टे नीट आवळ, सैल असलं की पाण्यात वर सरकून तोंडावर येतं. आणि जोशुआ स्लोकम यांना पोहता येत नव्हतं! १८९५ ते १८९८ शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस.

चांदणचुरा
एकट्याने करणारे पहिले भारतीय म्हणजे दिलीप दोंदे, 'म्हादेई' बोटीतून, २००९-१०. मग अभिलाष टॉमी २०१२-१३ मध्ये कुठेही न थांबता. बोट तीच.

तिसरीघंटा
आणि 'तारिणी' बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा केलेल्या नौदलाच्या सहाजणी, २०१७-१८! पडघम, तू जाच.

जुनीछत्री
आईला नेलं होतं. तेव्हा तिचं वय एकाहत्तर, गुडघे कुरकुरणारे. बोट बेटाला लागते असं मी धरून चाललो होतो. लागत नाही. पाणी उथळ म्हणून लांबच नांगर टाकतात आणि पुढे छोट्या रबरी होडीतून जायचं. ओहोटी चालू होती, तीही वाळूपासून वीस-पंचवीस पावलांवर टेकली. आई म्हणाली, तुम्ही जाऊन या, मी बसते इथेच. माझं तोंड उतरलं.

तोवर ग्रुपमधली दोन मुलं पाण्यात उतरलीसुद्धा. कोण कुठली, नावंही धड माहीत नव्हती. हातांची चौकट केली आणि म्हणाली, "बसा आजी." एका हातात चपला छातीशी धरलेल्या, दुसरा त्या मुलाच्या मानेभोवती, लुगड्याचा काठ भिजलेला, अशी आई वाळूवर उतरली. दिवसभर एका खडकाच्या सावलीत पाय पाण्यात सोडून बसली. चार वर्षं झाली तिला जाऊन. शेवटपर्यंत कोणीही आलं की "मला उचलून नेलं होतं" हे सांगायचीच.

कोणी ज्येष्ठांना नेणार असाल तर उतरायचं कसं आहे ते आधी विचारा आणि भरती-ओहोटीची वेळ बघून जा. आम्ही दोन्ही केलं नव्हतं.

काठपदर
"बसा आजी" ला डोळे भरून आले.

उत्तररात्र
आमचा वारा पडला होता. शीड ओल्या टॉवेलसारखं लोंबायला लागलं. दोघं म्हणाले इंजिन लावा, बाकीचे म्हणाले राहू दे, घाई कोणाला आहे. कप्तान म्हणाला, किनारा तापू द्या, जमिनीवरची हवा वर उठली की समुद्रावरून वारा येईल. पाऊण तास सगळे डेकवर आडवे. कोणाची टोपी कोणाच्या तोंडावर, कोणाचा पाय कोणाच्या पोटाशी. मग लांब पाण्यावर एक काळसर पट्टा दिसला आणि कप्तान म्हणाला, "आला." तो पट्टा आपल्यापर्यंत सरकत येताना बघायचा आणि मग शीड एकदम फुगताना! वारा येताना दिसतो हे मला तोवर माहीतच नव्हतं.

(सनस्क्रीन मात्र पुन्हा पुन्हा लावा. पाण्यावरूनही ऊन उसळतं. हनुवटीखाली भाजलं होतं मला.)

पडघम
ओलीवाळू, ती गाठ झोपाळ्याला चालेल का?

ओलीवाळू
माणूस बसणार असेल तर नको गं. सतत सैल-ताण सैल-ताण होत राहिलं तर ती हळूहळू सुटू शकते. वाळत घालायच्या दोरीला छान.

जुनीछत्री, आईंच्या चपला आज दिवसभर डोळ्यांसमोर आहेत. बरं झालं लिहिलंत.

काठपदर
रात्री लिहिते म्हटलं होतं, पण आता झोप येतेय. उद्या नक्की.

पडघम
जमली गाठ! माझा ससा झाडाला उलटा वळसा घालत होता. आणि ग्रुपवर नाव दिलंय.