बाबांच्या माघारी पीएम किसान कोणाच्या नावे टाकावं, आईच्या की भावाच्या? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, माहेर वाशिम जिल्ह्यात, तीन एकर कोरडवाहू, सोयाबीन अन् तूर. बाबांना दर चार महिन्यांनी केंद्राच्या पीएम किसानचे २००० आणि राज्याचे नमो शेतकरीचे २००० असे दोन्ही हप्ते यायचे (पोहरादेवीला ऑक्टोबर २०२४ मध्ये १८वा हप्ता सोडला त्या सभेला पण गेले होते हौसेने). बाबा वारले, हप्ते बंद झाले, ते बरोबरच आहे. आता वारसाचा फेरफार (मालकी बदलल्याची नोंद) होऊन सातबाऱ्यावर आई, भाऊ आणि मी अशी तीन नावं सामायिकात लागलीत. मी पुण्यात नोकरीला, इन्कम टॅक्स भरते म्हणजे मी बाद.

सेतूवाल्याकडून आईचा फॉर्म भरला तर रिजेक्ट. शेरा काय तर जमीन १ फेब्रुवारी २०१९ नंतर नावावर झाली. अहो, वारसाने आलेल्या जमिनीला ती अट नाहीये ना? विकत घेतली असती तर गोष्ट वेगळी. विचारायला गेलं की एक म्हणतो महसूलला जा, महसूलवाले म्हणतात हे आता कृषीकडे.

त्यात अजून एक. आईला लाडकी बहीणचे १५०० चालू आहेत, म्हणजे वर्षाला १८०००. पीएम किसान आणि नमो मिळून वर्षाचे १२००० सुरू झाले की १५०० चे ५०० होतात म्हणे, म्हणजे १२००० अधिक ६००० परत १८०००च! एवढी दगदग करून तिच्या हातात एक रुपया जास्त नाही. मग सरळ भावाच्याच नावे टाकू का? त्याचं लग्न झालंय, शेती तोच करतो. सामायिक सातबाऱ्यावर चालतं का?

प्रतिसाद:
ताई, हिशेब बरोबर आहे तुमचा, भावाच्या नावे टाका. सामायिक चालतं, योजनेत कुटुंब म्हणजे नवरा-बायको आणि १८ च्या आतली पोरं, त्यामुळे आई वेगळी नि भाऊ वेगळा. वारसाला ती तारीख लागत नाही, पण नुसता नवीन फेरफार जोडला की हमखास परत येतं. बाबांच्या नावावर जमीन कधी लागली तो जुना फेरफार पण काढा, सोबत मृत्यूचा दाखला. भावाचा फार्मर आयडी (शेतकरी ओळख क्रमांक) आधी काढून घ्या, त्याशिवाय नवीन नोंदणी हलत नाही.

धागाकर्ती:
धन्यवाद दादा! जुना फेरफार मिळेल बहुतेक, बाबांच्या ट्रंकेत सगळं बांधून ठेवलेलं आहे. भावाची दोन बँकांत खाती आहेत, पासबुक कुठलं देऊ?

प्रतिसाद:
पासबुकावर जाऊ नका, आधार डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) ज्या बँकेला जोडलंय तिथेच पैसे पडतात. बँकेत जाऊन आधी ते विचारा.