झेरॉक्स मशीन ट्रे १ मधून कागद उचलत नाही, स्वतः दुरुस्त करता येईल का?

कोर्टाजवळची टायपिस्ट, नाशिक:
नमस्कार. जुन्या सीबीएस बसस्थानकाजवळ एका वकीलसाहेबांच्या ऑफिसात मी अकरा वर्षं काम करते. आमचं मोठं झेरॉक्स मशीन सात वर्षांचं आहे. गोदावरीला पूर येऊन दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्यापर्यंत पाणी चढलं, त्या आठवड्यापासून ट्रे १ त्रास देतोय. दहा-पंधरा पानं झाली की चाक फिरल्याचा आवाज येतो, पण कागद जागचा हलत नाही आणि पडद्यावर जाम दिसतं. उघडून बघावं तर आत काहीच अडकलेलं नसतं. कधी दोन कागद एकदम जातात, आणि मला भीती याचीच जास्त वाटते. परवा एका दाव्याच्या प्रतीत मध्येच कोरं पान गेलं. पक्षकाराच्या हातात देण्याआधी पानं मोजली म्हणून सापडलं.

एएमसी, म्हणजे देखभालीचा वार्षिक करार, मार्चमध्ये संपली. मेकॅनिक पाच मिनिटं बघून पूर्ण किट बदला म्हणाला, साडेनऊ हजार. साहेब द्यायला तयार आहेत, पण नेमकं काय बिघडलंय हे कळल्याशिवाय त्यांना पैसे खर्च करा म्हणायला माझं मन होत नाही. ट्रे २ मधला लीगल (लांब आकाराचा) कागद व्यवस्थित जातो.

सातपूरचा जुना मेकॅनिक:
ताई, ट्रे २ चालतोय म्हणजे छपाई उमटवणारा ड्रम आणि ती गरम करून कागदावर पक्की करणारा फ्युजर ठीक आहेत. तिकडे हात लावू नका, फ्युजर भाजतो. बिघाड ट्रे १ च्या तोंडाशीच आहे.

ट्रे पूर्ण बाहेर काढून आत बघा. अशा मशीनमध्ये बहुतेक वेळा तीन रबरी रोलर असतात. पिकअप रोलर सर्वांत वरचा कागद सरकवतो, फीड रोलर तो पुढे नेतो आणि त्याला खालून चिकटून बसलेला सेपरेशन रोलर दुसऱ्या कागदाला मागे धरतो. कागद ठरलेल्या वेळात सेन्सरपाशी पोचला नाही की मशीन जाम दाखवतं, म्हणून आत काही सापडत नाही. कागद उचलत नसेल तर पहिल्या दोघांवर संशय घ्यायचा, दोन-दोन जात असतील तर तिसऱ्यावर.

मशीन बंद करून प्लग काढा. धागे न सुटणारं कापड पाण्यात भिजवून घट्ट पिळा आणि रोलर हाताने फिरवत पुसा. वाळल्यावर रबराला बोट लावू नका, हाताचं तेल बसतं. पेट्रोल, थिनर अजिबात नको, रबर फुगतं. पुसूनही चकाकी राहिली तर रबर कडक झालंय, तो रोलर बदलावाच लागेल.

पंचवटी स्टेशनरी:
कागदही तपासा. पावसाळ्यात उघड्या रिमला ओल लागते, कडा लाटेसारख्या होतात, पानं एकमेकांना चिकटतात. रिमचं वेष्टन ओल अडवण्यासाठीच असतं, उरलेली रिम त्यातच गुंडाळून ठेवा. ट्रेमध्ये खुणेच्या वर भरू नका. बाजूच्या पट्ट्या कागदाला टेकलेल्या हव्यात, आवळलेल्या नकोत.

कोर्टाजवळची टायपिस्ट, नाशिक:
शनिवारी कोर्टाला सुट्टी होती, तेव्हा बसले. कापड राखाडी झालं! नवीन रिम घातली. सोमवारी ३०० पानं झाली, एकदाही अडकलं नाही. मला इतका आनंद झाला की साहेबांना फोन केला.

पण दोन कागद जाणं थांबलं नाही. मग दोन्ही ट्रेचे सेपरेशन रोलर काढून पाहिले, त्यांच्यावर नंबर एकच होता. त्यांची अदलाबदल केली. ट्रे १ सुधारला आणि आता ट्रे २ मधून लीगल दोन-दोन जायला लागले. म्हणजे तोच एक रोलर खराब होता. तेवढाच मागवला, ६५० रुपये. आज ट्रे १ मध्ये नवीन घातला, ट्रे २ चा परत त्याच्या जागी. दुपारपासून प्रत्येक प्रत मोजतेय, कोरं पान नाही. बाकीचे दोन रोलरही आताच बदलू का?

सातपूरचा जुना मेकॅनिक:
अदलाबदल करून बघितलीत ते उत्तम केलंत. बाकीचे दोघे पुसल्यावर उचलतायत, तर राहू द्या. पण सात वर्षांचं रबर आहे, पुन्हा जाम सुरू झालं तर न पुसता दोन्ही एकदम बदला. आणि खराब रोलर आजच टाकून द्या, खणात ठेवला की कुणीतरी परत बसवतं.