मोसंबीची फळं तोडून टाकू का? झाडं ३३० आणि बोअर चालतो एक तास, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी अंबड तालुक्यातला (जालना). ३ एकर मोसंबी आहे, ११ वर्षांची झाडं, जंभेरीच्या खुंटावर कलम केलेली. मागच्या ऑगस्टमध्ये (२०२३) पाऊस असा गायब झाला की १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट म्हणे देशातला, आणि त्यानंतर आमचा तालुका सरकारनं जाहीर केलेल्या ४० दुष्काळी तालुक्यांत आला. वीजबिलात ३३.५ टक्के सूट वगैरे ठीक आहे, पण मोटार चालवायला खाली पाणी पाहिजे ना! विहीर फेब्रुवारीतच तळाला गेली, बोअर सकाळी एक तास चालतो, मग नुसती हवा.

आता खरा प्रश्न. आंबे बहार (जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलांचा) धरला होता, फळं लिंबाएवढी झालीत. १० हजार लिटरचा टँकर हौदात टाकून ठिबकनं सोडतो, हिशोब केला तर झाडाला ३० लिटर येतं आणि तेही चार दिवसांनी एकदा, कारण त्याहून जास्त टँकर परवडत नाही. दुपारी पानं अशी गुंडाळतात की विडी वळून ठेवल्यासारखी, पूर्वी संध्याकाळी परत सरळ व्हायची, या आठवड्यात पहाटेपर्यंत तशीच असतात. हवामान खात्यानं यंदा (२०२४) सरासरीच्या १०६ टक्के पाऊस सांगितलाय पण तो जूनपासून, मधले चाळीस-पंचेचाळीस दिवस कसे काढायचे?

मला वाटतं फळं तोडून टाकावी आणि झाड वाचवावं. आबा ऐकत नाहीत. २०१२ च्या दुष्काळात त्यांनी आधीची बाग स्वतः कुऱ्हाडीनं तोडलीय, सरपण म्हणून विकली, त्यामुळे "फळं तोडू" म्हटलं की उठून गोठ्यात जाऊन बसतात. कुणी असं केलंय का? फळं काढल्यावर झाड खरंच तग धरतं का?

ठिबकवाला: भाऊ, पानं पहाटेसुद्धा उघडत नाहीत म्हणजे वेळ फार नाही. फळं काढाच. बहार ठेवला तर फळंही गळणार आणि झाडही जाणार, आमच्याकडं २०१६ ला शेजाऱ्यानं ठेवला होता, जूनमध्ये ना फळ ना झाड. वाळलेल्या फांद्या आणि पाणसोट (फळ न देता सरळ वाढणारे फुटवे) काढून टाका, जोरात छाटणी नको. केओलिन (पांढऱ्या मातीची पावडर) ८ टक्के फवारा, १० लिटरला ८०० ग्रॅम, झाड पांढरं दिसेल पण बाष्पीभवन कमी होतं. पाणी रात्री सोडा. आणि ड्रीपर खोडाजवळ असतील तर लांब सरकवा, पाणी घेणारी मुळं फांद्यांच्या घेराखाली असतात, अर्धे लोक उगाच खोडाला अंघोळ घालतात.

काळीमाती: वरचं सगळं बरोबर. त्यात आच्छादन जोडा, उसाचं पाचट नाहीतर सोयाबीनचं भुसकट, चांगलं जाड, फक्त खोडाला लागू देऊ नका, वाळवी येते. खत अजिबात टाकू नका. फळपीक विमा असेल तर तोडण्याआधी कंपनीला विचारा, तो हवामान केंद्राच्या आकड्यांवर असतो, पण उगाच भानगड नको. आणि आबांना एकदम तीन एकर सांगू नका हो, माणूस एकदा बाग तोडून बसलाय.

धागाकर्ता: दोघांचे आभार. काळीमाती, तुमचं शेवटचं वाक्य कामाला आलं. काल फक्त नाल्याकडच्या एकरातली फळं काढू म्हटलं, तिथं जमीन हलकी आहे, आधी तीच झाडं जाणार. आबा काही बोलले नाहीत, सकाळी बघतो तर टोपली घेऊन माझ्याआधी तिथं. तीन ओळी झाल्यावर म्हणाले, त्या बाजूच्या एकराचीबी काढ. विहिरीजवळचा एकर मात्र ठेवायचा म्हणतात, ठेवतो, टँकरचं पाणी फळं काढलेल्या दोन एकरावर कसं फिरवायचं आणि विहिरीजवळ किती द्यायचं ते आता बघतोय. भुसकट शेजाऱ्याकडून मिळालं.

एक राहिलं, खोडाला बोर्डो पेस्ट (बुरशी लागू नये म्हणून मोरचूद-चुन्याचा लेप) लावायचीय, प्रमाण काय?

ठिबकवाला: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं भिजवा, मग एकत्र करा, लोखंडी भांडं नको. जमिनीपासून दोन-अडीच फूट लावा. आणि तिसऱ्या एकराचं पाणी आत्ताच कमी करू नका, आधी पाच-सहा दिवस पहाटे जाऊन पानं बघा.