सफदरजंग रोडचा इंदिरा गांधींचा बंगला: आईला झेपेल का?

प्रश्न (कंदील): पुढच्या महिन्यात आईला घेऊन दिल्लीला जातेय. ती ६८ वर्षांची, गुडघे दुखतात. तिला इंदिराबाई राहायच्या ते घर बघायचंय. जिने आहेत का? वेळ किती लागतो?

भटकीमावशी: बंगला बैठा आहे, जिन्यांची काळजी नको. तिकीटही नाही. फक्त सोमवार टाळा. आमची फेरी सोमवारीच पडली होती, फाटक बघून परत! दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो.

आधी फोटो आणि वर्तमानपत्रांची कात्रणं, तिथे फार रेंगाळू नका. पुढे त्यांच्या खोल्या काचेआडून दिसतात. पंतप्रधानांचं घर म्हणून मी काहीतरी भपका डोळ्यांसमोर आणला होता, पण पुस्तकांनी भरलेली साधी बैठकीची खोली निघाली. सुट्टीच्या दिवशी रांग मागून रेटत असते, त्यामुळे आईंना काचेच्या बाजूने चालू द्या.

३१ ऑक्टोबर १९८४ ला अंगावर होती ती साडी तिथे आहे. गोळ्यांची भोकं, डाग, सगळं दिसतं. शेजारी चपला आणि पिशवी. साडीपुढे मी बरी होते, चपलांपाशी मात्र गळा दाटून आला. रोजच्या वापरातल्या, कुणाच्याही दाराबाहेर असतील तशा. आईंना हे आधी सांगून ठेवा.

मग बाग. ज्या वाटेने त्या सकाळी १, अकबर रोडच्या कचेरीकडे निघाल्या, ती वाट काचेने झाकलीय. तिकडे ब्रिटिश अभिनेते पीटर उस्तिनोव्ह त्यांची मुलाखत घ्यायला थांबले होते. त्या पडल्या तेवढ्या जागी काच नितळ ठेवलीय. तिथे पोचल्यावर गोंगाट करणारी पोरंसुद्धा गप्प झाली.

दीड तास धरा. मेट्रोचं जवळचं स्टेशन लोक कल्याण मार्ग, पण गुडघे दुखतात तर सरळ रिक्षा करा.

जुनाट: वेळ उरला तर जनपथजवळचं लाल बहादूर शास्त्रींचं घरही बघा. तिथे त्यांची फियाट आहे. १९६४ साली पंजाब नॅशनल बँकेकडून ५,००० रुपये कर्ज काढून घेतलेली. ते गेल्यावर ललिता शास्त्रींनी पेन्शनमधून ते फेडलं. सोमवारी हेही बंद.

कंदील: मावशी, आभार! आईला सगळं वाचून दाखवलं. चपलांपाशी ती गप्प झाली, मग म्हणाली, "आधी ती गाडी बघू."