अनुभव धागा : ब्रुअरला तुम्ही काय विचारलंत?

मागच्या महिन्यात मित्राच्या चाळिशीनिमित्त नवी मुंबईतल्या एका मायक्रोब्रुअरीत (जागेवरच बिअर बनवून विकतात तिथे) गेलो होतो. काचेपलीकडे स्टीलच्या टाक्या, अलीकडे आम्ही. ब्रुअर, म्हणजे बिअर बनवणारा, स्वतः टेबलापाशी आला आणि म्हणाला, काही विचारायचं असेल तर विचारा. मी विचारलं, "सगळ्यात स्ट्राँग कुठली?" त्याने सभ्यपणे आकडा सांगितला आणि निघालाच होता. तेवढ्यात बायकोने विचारलं, "एवढाली भांडी घासता कशी हो?" गडी खुर्ची ओढून बसला! आधी गरम कॉस्टिक सोडा, मग पाणी, मग ॲसिड, शेवटी जंतू मारायचं द्रावण. टाकीच्या आत भोकाभोकांचा गोळा असतो, तो चारी बाजूंनी फवारतो. म्हणाला, बिअर यीस्ट बनवतं, आम्ही भांडी घासतो. अर्धा तास बोलत होता, माझा ग्लास कोमट झाला.

२००९ मध्ये पुण्यात डुलाली ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली, तेव्हा आम्ही ठाण्याहून मुद्दाम ताजी बिअर प्यायला पुण्याला जायचो. आता ती घराजवळ मिळते आणि बनवणारा माणूसही समोर असतो. त्याला काय विचारावं, हे मात्र आम्हाला अजून नीट जमत नाही. तुमच्या कुठल्या प्रश्नावर समोरचा खुलला? कुठे फजिती झाली? लिहा.

कोपरीची मावशी
मी पीत नाही. मुलाने "आई, चल, नुसती बघायला तरी" म्हणून नेलं. आत शिरल्याबरोबर वास आला तो थेट आमच्या आईच्या स्वयंपाकघराचा. ती नाचणीला मोड आणून, वाळवून, भाजून दळायची, तोच. मी त्या मुलाला (ब्रुअर म्हणजे माझ्या लेकाच्याच वयाचा) विचारलं, "बार्लीला मोड इथेच आणता का रे?" तो बघतच राहिला. म्हणाला, काकू, हा प्रश्न आजवर कोणी विचारला नाही. मोड आणून भाजलेलं धान्य पोत्यांतून येतं, इथे फक्त भरडतात. मग ६५ ते ६७ अंशांच्या पाण्यात तासभर भिजवून ठेवतात. मोडामुळे धान्यात जे तयार झालेलं असतं, तेच पिठाची साखर करतं. पाणी फार तापलं की ते मरतं आणि सगळा घाणा वाया. मला लगेच पटलं. विरजणात दूध गरम पडलं तर दही लागत नाही, त्यातलाच प्रकार.

चार दाणे चावायला दिले. एक बिस्किटासारखा, एक करपलेल्या कॉफीसारखा. मग मी विचारलं, पावसाळ्यात पोती ठेवता कुठे? माझ्याकडे जुलैत रव्यालाही किडे होतात. यावर तो हसला नाही, उलट कोठीची खोली उघडून दाखवली. जमिनीपासून वर, फळ्यांवर रचलेली पोती, सतत चालू असलेला एसी. भरडलेलं धान्य साठवत नाहीत, ज्या दिवशी लागेल त्या दिवशीच भरडतात.

ऐरोली सेक्टर आठ
मी विचारला तो प्रश्न अख्ख्या कॉलेजला पडलेला होता : बिअरमध्ये ग्लिसरीन असतं का? आम्ही बाटली उलटी करून पाण्याच्या ग्लासात धरायचो, ग्लिसरीन उतरवायला. ब्रुअरने कपाळावर हात मारला. म्हणाला, आंबताना यीस्ट स्वतःच किंचित तयार करतं, वाइनमध्येही असतं, वेगळं कोणी ओतत नाही. बाटली उलटी करून काहीही उतरत नाही. पंधरा वर्षं उलट्या बाटल्या धरल्या राव.

घोडबंदरचा ट्रॅफिक
एका ठिकाणी (नाव घेत नाही) बिअरला चक्क लोण्याचा वास येत होता. पॉपकॉर्नवर असतो ना, तसा. वेटर म्हणाला, "सर, ही स्टाइलच अशी आहे." पैसे दिले, गप्प बसलो.

पुढे दुसरीकडे एका ब्रुअरला हे सांगितलं, तर तो म्हणाला, ते डायसेटिल. आंबताना यीस्ट ते बनवतं आणि वेळ दिला तर स्वतःच खाऊनही टाकतं. घाई करून टाकी थंड केली की मागे राहतं. नळापर्यंतच्या नळ्या अस्वच्छ असल्या तरी तसाच वास येऊ शकतो. तो स्वतः टाकी थंड करण्याआधी दोन नमुने काढतो. एक गरम पाण्यात साठेक अंशांवर अर्धा तास ठेवतो, मग दोन्ही हुंगतो. गरम केलेल्याला लोण्याचा वास आला तर अजून थांबायचं.

तेव्हापासून माझा एकच प्रश्न : नळ्या शेवटच्या कधी धुतल्या? दर पंधरवड्याला धुवाव्यात असं म्हणतात. जो तारीख सांगतो, त्याच्याकडे दुसरा ग्लास घेतो.

कळव्याची गणिताची बाई
भिंतीवरच्या फळ्यावर "१.०४८ → १.०१०" असं लिहिलं होतं. विचारलं, हे काय? पाण्याच्या तुलनेत धान्याचा रस किती जड, त्याचा आकडा. आधी साखर विरघळलेली असते म्हणून जड, यीस्टने साखर खाल्ली की हलका. दोन आकड्यांतला फरक ०.०३८, त्याला साधारण १३१ ने गुणलं की अल्कोहोलची टक्केवारी, म्हणजे जवळपास ५. नववीच्या वर्गात घनता शिकवताना हे उदाहरण देता येत नाही, एवढंच दुःख.

खारघर टेकडी
गव्हाच्या बिअरमध्ये केळी किती घालता, असं विचारलं होतं. एकही नाही. केळ्याचा वास यीस्टचाच. सोबतचे अजून चिडवतात.

वाशी खाडीपूल
पाण्याबद्दल विचारा! आपल्या बिअरमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त तेच तर असतं. नवी मुंबईत मोरबे धरणाचं पाणी, ठाण्यात वेगळं, मग चव वेगळी का लागत नाही? तर ते आधी आरओने पाणी जवळपास कोरं करतात आणि मग बिअरच्या जातीप्रमाणे क्षार मोजून परत घालतात. चेक देशातल्या पिल्झेनचं पाणी मऊ म्हणून तिथली फिकट लागर (थंडीत सावकाश आंबवलेली), इंग्लंडातल्या बर्टनच्या पाण्यात जिप्सम म्हणून तिथली कडवट एल (उबेत लवकर आंबणारी). पूर्वी गावाचं पाणी बिअर ठरवायचं, आता वजनकाटा ठरवतो. मला हे थोडं उदास वाटलं, पण ते माझं झालं.

दुसरं, लागर एवढी कमी का, हेही विचारलं. टाकीचं भाडं, साहेब! एल दोन-तीन आठवड्यांत रिकामी होते, लागर महिना-दीड महिना जागा अडवते. चार टाक्या आणि पाम बीचच्या बाजूचं भाडं, तुम्हीच हिशोब करा.

नाव नको
मी याच धंद्यात आहे, ठाण्याच्या जवळपास. दोन्ही बाजू सांगतो.

शनिवारी रात्री नऊ वाजता तंत्राचे प्रश्न नकोत. आठवड्यातल्या दुपारी या, आधी फोन करा, बंद बूट घाला. खाली पाणी असतं, कधी कॉस्टिक असतं. आणि टाकीच्या तोंडात डोकं घालू नका. एकाने घातलं होतं. आत सगळा कार्बन डायऑक्साइड, नाकात मिरचीसारखा झोंबतो, आणि जास्त वेळ राहिलात तर नुसतं झोंबण्यावर भागत नाही.

"हातभट्टीत आणि यात फरक काय?" याचा पूर्वी राग यायचा. आता सांगतो : आम्ही आंबवून थांबतो, ते आंबवलेलं उकळून त्याची वाफ धरतात.

आवडणारे प्रश्न दोन. एक, हे यीस्ट कितव्या पिढीचं? एका टाकीच्या तळातून काढून दुसरीत घालतो, विरजणासारखंच. पाच-सात वेळा झालं की मी नवीन मागवतो, कारण त्याचा स्वभाव बदलत जातो. १५१६ च्या बव्हेरियाच्या नियमात पाणी, बार्ली, हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं) एवढंच आहे, यीस्टचं नावच नाही. ते जिवंत असतं आणि तेच आंबवतं, हे तेव्हा माहीत नव्हतं.

दुसरा, कुठली बॅच ओतून दिली? हा फार कमी लोक विचारतात. मे महिन्यात चिलर बंद पडला, जनरेटर चालू झाला नाही, मी घरी. सकाळपर्यंत टाकी तिशीच्या वर. यीस्ट उष्णतेत पिसाळतं. नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास. मालक म्हणाले, आंब्याचा रस घालून झाकता येईल का? मी नाही म्हटलं. एक हजार लिटर. नोकरी राहिली, पण दोन महिने मालक माझ्याशी कामापुरतंच बोलत होते.

भिवंडीचा गोठा
कोणीच विचारलं नाही म्हणून लिहितो : उरलेल्या चोथ्याचं काय होतं? शंभर लिटर बिअरमागे वीसेक किलो ओला चोथा निघतो. आमच्या काकांचा टेम्पो आठवड्यातून दोनदा तो घ्यायला जातो. उन्हाळ्यात त्याच दिवशी उचलावा लागतो, दुसऱ्या दिवशी आंबून वास मारतो. म्हशी आवडीने खातात. नाही, नशा होत नाही, अल्कोहोल त्यानंतरच्या पायरीला तयार होतं. हा प्रश्न काकांना प्रत्येक लग्नात येतो.

कासारवडवली पहिला मजला
एवढी उलटतपासणी कशाला? हॉटेलात गेल्यावर आचाऱ्याला तेल कुठलं विचारतो का आपण?

कोपरीची मावशी
मी विचारते.

धागाकर्ता
काल परत गेलो, दुपारी, ट्रान्स-हार्बरने, बंद बूट घालून. "नाव नको" यांचा प्रश्न विचारला : कुठली ओतून दिली? ब्रुअरने आधी मागे वळून मॅनेजर कुठे आहे ते पाहिलं. मग हळूच म्हणाला, कोकम. उकळताना घातलं होतं, रंग सुंदर आला, पण चव सोलकढीत साबण पडल्यासारखी. आता आंबवून झाल्यावर घालून बघतोय, टाकी नंबर तीन. पंधरा दिवसांनी या.